वाचकांचे प्रश्न : ‘चक्र’मधली अम्मा आणि कर्त्याचा रकाना

मागच्या अंकात जयवंत दळवींविषयी लिहिताना ‘चक्र’ या त्यांच्याच कादंबरीवरून निघालेल्या १९८१ सालच्या हिंदी चित्रपटाचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा कुठलाच चित्रपट घेत नाही. चार पत्रं निवडली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांनी नावं छापू नका म्हटलंय, म्हणून फक्त गावं देते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात मी ‘चक्र’ दाखवला. दुसऱ्या दिवशी एका पालकांची तक्रार आली, मुलांना हे असलं का दाखवता म्हणून. ती मी निभावून नेईन. मला लागलं ते नंतरच्या चर्चेतलं. निम्मी मुलं म्हणाली, अम्मा पोटच्या मुलाच्या डोळ्यांदेखत दोन पुरुष ठेवते, तिची कीव का करायची? एक मुलगी म्हणाली, दिग्दर्शकाने गरिबीही विकली आणि बाईचं अंगही विकलं. मला दोघांनाही धड उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं? (एक प्राध्यापिका, सातारा)

उत्तर : ताई, हे आरोप दोन आहेत आणि दोन वेगळ्या माणसांवर आहेत. मुलांनी अम्मावर केला, मुलीने दिग्दर्शकावर. आधी अम्माचं बघू.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. गावाकडे सावकार अम्माच्या अंगचटीला येतो, नवऱ्याच्या हातून त्याचा खून होतो आणि दोघं लहानग्या बेनवाला घेऊन मुंबई गाठतात. झोपडीसाठी पत्रा चोरताना नवरा मारला जातो. बेनवा त्या वस्तीतच मोठा होतो. अम्माच्या आयुष्यात पुढे दोन पुरुष येतात. एक ट्रक चालवणारा अण्णा, तो फेरीवरून परतला की येणारा. दुसरा लूका, वस्तीतला ऐटबाज गुंड, ज्याच्यावर बेनवा लट्टू आहे. शेवटी रोगाने सडलेला लूका पोलिसांना चुकवत अम्माच्याच झोपडीत येऊन लपतो. मागोमाग पोलीस येतात, गरोदर अम्माचं मूल पोटातच जातं, आणि मग बुलडोझर येतो. अम्मा झालीय स्मिता पाटील, लूका नसीरुद्दीन शाह, अण्णा कुलभूषण खरबंदा, बेनवा रणजित चौधरी.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय माझं उत्तर तुम्हाला कळणार नाही.

४ जानेवारी १९७६, रविवार. मी बावीस वर्षांची, सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक, नोकरीला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मुंबईतल्या झोपड्या एका दिवसात मोजून काढायच्या होत्या आणि त्यासाठी आमच्यासारख्यांना कामाला लावलं होतं. माझ्या वाट्याला माहीमच्या खाडीकडची एक रांग आली. माझ्याकडे तक्त्यांचा गठ्ठा, आणि बरोबरच्या शिपायाकडे रंगाचा डबा. मी माहिती लिहायची, त्याने झोपडीवर नंबर टाकायचा. तक्त्यात सगळ्यात वर रकाना होता कुटुंबप्रमुखाच्या नावाचा. आम्हाला तोंडी सांगितलं होतं, कर्त्या पुरुषाचं नाव आधी घ्या.

दुपारच्या सुमाराला एका झोपडीत तिशीची एक बाई भेटली. दोन मुलं, स्टोव्हवर डाळ. दाराच्या जागी गोणपाट. मी विचारलं, मालक कुठे आहेत? येतील म्हणाली. नाव काय? ती गप्प. शेजारणीने एक नाव सांगितलं. हिने मान हलवली आणि दुसरंच नाव सांगितलं. मी पेन थांबवलं. तेव्हा ती माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, कुठलं नाव लिवलं तर झोपडी ऱ्हाईल?”

मी दुसरं नाव लिहिलं. पण संध्याकाळी गिरगावात घरी आल्यावर ही गोष्ट मी आईला सांगितली ती एका खोटारड्या बाईची गोष्ट म्हणून. आईने च्यक् केलं आणि आम्ही जेवायला बसलो.

पाच वर्षांनी अंधाऱ्या थिएटरात, अम्मा आणि अण्णा समोरासमोर बसलेले असताना, ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. त्या बाईने पहिलं नाव मला का घेऊ दिलं नव्हतं ते तिथे उमगलं. पहिला माणूस मेलेला असेल, नाहीतर परागंदा. दुसरा कधीमधी येणारा. पण उद्या पालिकेची गाडी आली तर दारात उभा राहून चार शब्द बोलू शकेल असा तोच. मी समोर धरलेला रकाना एकच होता, म्हणून त्यात तिने जो उपयोगी पडेल तो बसवला. आणि मी, सरकारी पगार घेणारी, तिला मनातल्या मनात खोटारडी म्हणून मोकळी झाले.

तुमच्या विद्यार्थ्यांना हे सांगा. पण अम्मा बिचारी अगतिक होती, असं सांगून तिला सोडवू नका. ते तिच्यावर अन्याय करणारं आहे आणि खरंही नाही. अण्णाबरोबर तिला संसार मांडावासा वाटतो हे दिसतं, आणि लूकाची तिला ओढ आहे हेही दिसतं. स्मिता पाटील ते कुठेच झाकत नाही. तिच्या चेहऱ्यावर लाज आणि हौस एकाच वेळी येतात. पोटाची भूक आणि जिवाची भूक या दोन्ही एकाच बाईला असू शकतात, हे त्या काळच्या आपल्या पडद्याला फारसं मान्य नव्हतं. गरीब बाई दाखवायची तर सोशिक दाखवायची, नाहीतर बिघडलेली.

मुलांना बहुधा खुपलं ते ‘डोळ्यांदेखत’. तर मी ज्या चाळीत वाढले तिथलं सांगते. आमची दहा बाय बाराची खोली, माणसं सात. तरी खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. आमच्याच मजल्यावर एक गृहस्थ होते, कपाळाला गंध, गणपतीच्या आरतीत पहिला आवाज त्यांचा. परळला त्यांचं दुसरं बिऱ्हाड होतं. सगळ्या चाळीला माहीत होतं, आणि सगळी चाळ त्यांना काका म्हणत होती. दोन ठिकाणचं भाडं भरण्याची ऐपत होती, म्हणून त्यांच्या मुलांच्या डोळ्यांदेखत काही घडलं नाही. अम्माकडे गोणपाट आहे. बेनवाला जे दिसतं ते गोणपाटामुळे दिसतं. तुमच्या वर्गाने तिला जो दोष दिला त्यातला किती तिच्या वागण्याचा आणि किती त्या गोणपाटाचा, एवढं एकदा त्यांना वेगळं करून बघू दे.

आणि अम्मा आख्ख्या चित्रपटात धडपडते कशासाठी? बेनवा लूका होऊ नये यासाठी. ती लूकाला झोपडीत घेते पण मुलाला त्याच्या वाटेला जाऊ देत नाही. यात विसंगती आहेच. मी आजवर ज्या आयांना ओळखते, त्यातल्या प्रत्येकीच्या वागण्यात मला अशी काहीतरी विसंगती आढळली आहे.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा आरोप. यातलं एक खरं आहे. उघड्यावर आंघोळ करणाऱ्या स्मिता पाटीलचं ते पोस्टर मी बसच्या खिडकीतून कितीतरी दिवस पाहिलं. नाक्यावर घोळका असायचा. चित्रपटात ती आंघोळ येते आणि जाते, वस्ती आपापल्या उद्योगात असते. पोस्टरवर वस्ती गायब, बाई तेवढी ठेवलेली. स्मिताने त्यावर पुढे उघड नाराजी बोलून दाखवली. पण मला वाटतं, पोस्टर करणाऱ्यांनी जे केलं तेच तुमच्या वर्गातल्या मुलांनीही केलं. वस्तीतून अम्माला कापून वेगळी काढली आणि मग तिच्याकडे बघितलं.

दिग्दर्शक रवींद्र धर्मराज यांच्यावर माझा स्वतःचा आक्षेप वेगळाच आहे. ‘चक्र’मध्ये कामाला निघालेली वस्ती मला फार कमी दिसली. त्या रविवारी मी ज्या रांगेत फिरले, तिथे निम्म्या झोपड्यांत बाईमाणूस घरी नव्हतं, सुटीचा दिवस असून. कुणी भांड्यांना गेलेली, कुणी भाजीची पाटी घेऊन. मला तीन-तीनदा परत जावं लागलं. झोपडपट्टीतली माणसं दिवसाचे बारा तास राबतात, आणि मुंबई त्यांच्या जोरावर चालते. ते राबणं पुरेसं दिसलं नाही, तर बघणाऱ्याच्या डोक्यात प्रणय, मारामारी आणि रोग एवढंच उरतं. शेवटही मला जड वाटतो. रोग, खून, पोलीस, गर्भपात, बुलडोझर, एकावर एक. बुलडोझर एकटा पुरेसा होता.

तेव्हा मुलीला म्हणावं, तू अर्धी बरोबर आहेस, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी चित्रपट परत बघ. पालकांना मी बोलावून घेतलं असतं आणि त्यांच्या शेजारी बसून पाहिला असता.

प्रश्न : कादंबरी आधी वाचावी की चित्रपट आधी पाहावा? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : कादंबरी आधी. दळवींची ‘चक्र’ १९६३ साली आली, म्हणजे चित्रपटाच्या अठरा वर्षं आधी. आपल्या मध्यमवर्गीय वाचकाने तोवर झोपडपट्टी पाहिली होती ती रेल्वेच्या खिडकीतून. आरवलीसारख्या कोकणातल्या गावाचं मन घेऊन आलेला हा लेखक तिथल्या माणसांची भूक, वासना, भांडणं, माया सगळं एकाच पातळीवर ठेवून लिहितो, मध्ये येऊन शिकवत नाही. ‘ललित’मध्ये ‘ठणठणपाळ’ लिहून वाचकांना खदखदा हसवणारा हात हाच, हे मला आजही नवल वाटतं. ज्यांना दळवी फक्त विनोदी सदरातून आणि नाटकांतून माहीत आहेत त्यांनी तर ही कादंबरी वाचायलाच हवी.

चित्रपट हिंदीत गेल्यामुळे बोलीतलं बरंच काही गळलं. पण मिळालं ते दृश्य. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त होते, सत्यजित राय यांच्या ‘पाथेर पांचाली’चे. झोपडीतली डबडी, पत्रे, चिखल यांतलं काही सजावटीचं वाटत नाही, ते त्यांच्यामुळे. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. स्मिता पाटीलला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९८१ मध्येच स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च मान, सुवर्ण बिबट्या, मिळाला. धर्मराज यांचा हा पहिलाच कथापट होता आणि तोच शेवटचा. त्याच वर्षी ते गेले. हा माणूस आणखी दहा वर्षं जगता तर, असं मनात येतंच.

प्रश्न : असे चित्रपट परदेशात बक्षिसं मिळवतात, पण झोपडपट्टीवाल्यांच्या आयुष्यात त्यामुळे काही फरक पडला का? (एक सेवानिवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : चित्रपटामुळे पडला असं मी म्हणणार नाही, गुरुजी. पण चित्रपटाच्या शेवटी जो बुलडोझर येतो, तो त्याच वर्षी रस्त्यावर आला. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी धाडण्याचा निर्णय जाहीर केला. ऐन पावसाळ्यात. त्याविरुद्ध पदपथवासी आणि पत्रकार ऑल्गा टेलिस न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १० जुलै १९८५ उजाडला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने म्हटलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, कारण ज्याची कमाईची जागा काढून घेतली त्याचं जगणंच काढून घेतल्यासारखं आहे. वाक्य फार मोठं. मात्र पदपथ अडवण्याचा हक्क कुणाला नाही, रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, असंही त्याच निकालात आहे. पावसाळा संपेपर्यंत तेवढी मुदत मिळाली.

त्या निकालातली एक गोष्ट वाचली तेव्हा मी कचेरीत होते आणि वर्तमानपत्र हातातून खाली ठेवलं. ज्यांच्याकडे १९७६ च्या गणनेतली ओळखपत्रं आहेत त्यांना पर्यायी जागा द्यावी, असं त्यात होतं. म्हणजे मी ज्या तक्त्यावर त्या बाईचं दुसरं नाव लिहिलं, त्याच तक्त्यातून निघालेल्या कार्डाला नऊ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वजन आलं. तिने त्या दुपारी जे हेरलं होतं ते आमच्या साहेबांनाही कळलं नव्हतं. कुठलं नाव लिहिलं तर झोपडी राहील, हाच प्रश्न होता आणि तोच शेवटपर्यंत राहिला.

प्रश्न : माझं बालपण चेंबूरच्या झोपडपट्टीत गेलं. आता पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. तुमचा उल्लेख वाचून आईला मोबाइलवर ‘चक्र’ लावून दिला. आंघोळीच्या प्रसंगाला ती उठून आत गेली. रात्री म्हणाली, “आमी पहाटे चारला न्हायचो, साडी धरून. कुनाच्या बापाला दिसलो न्हाय.” अजून माझ्याशी नीट बोलत नाही. चित्रपट खोटा आहे का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी सांगते, तुमच्या आईंचा राग रास्त आहे आणि तो तुमच्यावर नाही.

चित्रपट खोटा नाही. उघड्यावर आंघोळ करावी लागणाऱ्या बायका या शहरात लाखांनी होत्या, आहेत. पण तुमच्या आईंनी जे सांगितलं ते त्यात नाही आणि ते असायला हवं होतं. अंधारात उठायचं, नळाला पाणी येण्याआधी भांडी रांगेत लावायची, दोघींनी साडीची दोन टोकं धरायची, तिसरीने आत घाईघाईने अंगावर पाणी घ्यायचं, मग पाळी बदलायची. उजाडायच्या आत सगळं आटोपायचं. माझ्या सातारच्या ताईंच्या वर्गातल्या मुलांना नीती म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर मी त्यांना हे वाचायला देईन. भिंत नसताना रोज पहाटे हाताने भिंत उभी करायची आणि उजाडलं की घडी घालून ठेवायची, हे किती वर्षं केलं असेल तुमच्या आईंनी? पंधरा? वीस? एवढ्या कष्टाने जे झाकलं ते एका नटीने पडद्यावर मोकळं केलं, भले कितीही मनापासून, तर त्यांना काय वाटेल?

मी स्मिता पाटीलला फार मानते. ती वस्तीतल्या बाईसारखी उकिडवी बसते, भांडते, दमते, आणि कुठेही अभिनय करताना सापडत नाही. पुण्याच्या राजकारणी घरातल्या मुलीने हे कुठून आणलं असेल याचा मी कितीदा विचार केला आहे. तरीही या बाबतीत शब्द तुमच्या आईंचा चालेल, तिचा नाही.

आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात झोपड्या पाडल्या जात असताना एक बाई कॅमेरा घेऊन आलेल्यांनाच झापते, गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमचं काय, अशा अर्थाचं. पटवर्धनांनी ते कापलं नाही, चित्रपटात ठेवलं. ‘चक्र’मध्ये अशी एकही बाई कॅमेऱ्याकडे वळून बोलत नाही. चाळीस वर्षांनंतर तुमच्या आई बोलल्या. चित्रपटाचा राहिलेला तुकडा त्यांनी सांगितला असं मी समजते.

आता एक विनंती. त्यांना पुन्हा चित्रपट दाखवू नका. माफीही लगेच मागू नका, त्या ‘चल, जेव’ म्हणतील आणि विषय संपेल. एखाद्या दुपारी त्या निवांत असताना शेजारी बसा आणि त्या पहाटेबद्दल विचारा. नळाला पाणी किती वाजता यायचं. पावसाळ्यात काय करायच्या. तुम्ही तान्हे असताना तुम्हाला कुणाकडे ठेवून जायच्या. सव्वादोनशे चौरस फुटांच्या या नव्या घरात आल्यावर न्हाणीघराची कडी पहिल्यांदा लावली तेव्हा आत किती वेळ थांबल्या. आणि साडीचं दुसरं टोक कोण धरायचं, ती आता कुठे असते, तेही विचारा.